कडब्याची गंजी आणि दोनशे घोडे

मराठवाड्यातील शेतकऱ्याला बैल पारखायला कुणी शिकवावे लागत नाही. बाजारात उभ्या असलेल्या जनावराचा जबडा उघडून तो दात पाहतो; आदत आहे, चार दाती आहे की जुळलेला, हे क्षणात ओळखतो. खांद्यावरचे घट्टे चाचपतो, खूर निरखतो, चार पावले चालवून पाहतो आणि मग रुमालाखाली बोटे दाबून सौदा करतो. विकणाऱ्याच्या शब्दावर त्याचा अविश्वास असतो असे नव्हे. परंतु शब्दापेक्षा दात अधिक खरे बोलतात, हा त्याचा अनुभव असतो. तोच शेतकरी जुनी मोटार घ्यावयास निघाला म्हणजे मात्र चकचकीत रंग, रुंद चाके आणि उंच बैठक पाहून भारावून जातो. गेल्या काही वर्षांत हे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे, आणि म्हणूनच या वरवर ऐहिक वाटणाऱ्या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले.

जालन्याच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवर, भोकरदन तालुक्यात राजूर हे गाव वसलेले आहे. राजुरेश्वर गणपतीमुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले आहे. अंगारकी चतुर्थीस पायी निघालेल्या भाविकांनी जालना-राजूर सडक रात्रभर जागी असते. एके काळी या सडकेवर एस.टी., बैलगाडी आणि टपापर्यंत माणसांनी भरलेली काळी-पिवळी जीप एवढीच वाहने दिसत. आता तेथे उंच, दणकट एसयूव्ही गाड्यांची वर्दळ आहे, आणि त्यांतील कित्येक दुसऱ्या, क्वचित तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या आहेत.

या परिसरातील एका शिक्षकाच्या घरी आमचे जाणे-येणे आहे. सारे त्यांना गुरुजी म्हणतात. वृद्ध माता, पत्नी, पुण्यात नोकरीच्या शोधात असलेला मुलगा आणि परिचारिकेचे शिक्षण घेणारी मुलगी, असे पाच जणांचे कुटुंब. घर गावात नाही, शेतवस्तीवर आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी एका रात्री मातोश्रींना दम लागला. रुग्णवाहिका डांबरी सडकेपर्यंत आली; पुढच्या काळ्या मातीच्या वाटेत ती उतरणे शक्यच नव्हते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून, वर ताडपत्री धरून माउलीला सडकेवर आणावे लागले. त्या रात्रीपासून घरात मोटारीचा विषय निघाला तो मिटेना.

मुलाने पुण्यात एक गाडी हेरली. नामांकित जपानी कंपनीची, पेट्रोलवर चालणारी, जवळजवळ अडीच लिटरचे इंजिन, पावणेदोनशेहून अधिक अश्वशक्ती, चारही चाकांना गती देणारी. वय दहा वर्षांच्या आसपास. आणि किंमत सहा लाख, म्हणजे नवी असतानाच्या किमतीच्या जेमतेम चौथा हिस्सा. मुलगा म्हणाला, "फादर, एवढी गाडी एवढ्यात पुन्हा मिळायची नाही. तुम्हीच सांगा दादांना." भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि दोन हंगामांचा कापूस, असे मिळून गुरुजींपाशी सहा लाखच होते. मुलीच्या पुढील वर्षाचे शुल्कही त्यातूनच जायचे होते.

अशी भारदस्त गाडी इतकी स्वस्त का मिळते, हे प्रथम समजून घ्यावे लागते. पेट्रोलवर चालणारे बलवान वाहन आपल्याकडे काही नवे नाही. मुंबईत १९४७ साली महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली, तिचे इंजिन पेट्रोलचेच होते. १९८५ साली आलेली मारुती जिप्सीही पेट्रोलवरच धावे. परंतु पेट्रोल महागत गेले आणि डिझेलवर सरकारी नियंत्रणामुळे किमतीची सावली राहिली. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात दोहोंतील तफावत इतकी वाढली, की मोठी गाडी म्हणजे डिझेलचीच, अशी ग्रामीण भागाची ठाम समजूत झाली. होंडाची सीआर-व्ही आपल्याकडे दीर्घकाळ केवळ पेट्रोलवर मिळत असे. तशा गाड्या शहरातील सधन मंडळींनी घेतल्या, जपून वापरल्या, आणि विकावयास काढल्या तेव्हा त्यांना ग्राहक मिळेनात. तेव्हा ही स्वस्ताई वाहनातील खोटेपणामुळेच असते असे नाही. पहिल्या मालकाने सोसलेली घट आणि पुढच्या मालकाला वाटणारी पेट्रोलची धास्ती, यांची ती बेरीज असते.

आता बळाविषयी. चिखलातून गाडी बाहेर काढतात ते घोडे नव्हेत. त्या जुन्या विलीज जीपला अवघी ६० अश्वशक्ती होती, पहिल्या जिप्सीचे इंजिन एक लिटरहूनही लहान होते. तरी दोघींनी सैन्याची वाहतूक निभावली. चारही चाकांना मिळणारी गती, जमिनीपासूनची उंची, टायरांची पकड आणि वजनाचा हलकेपणा, यांवर चिखलातील चाल अवलंबून असते. आमच्या काळ्या मातीत तर टायरांच्या खाचा भरून गेल्या की बलवान गाडीचीही चाके जागच्या जागी फिरतात. किंबहुना बळ अधिक तितकी ती खोल रुततात. अधिक अश्वशक्तीचा उपयोग निराळा आहे: पाच माणसे व सामान असताना चढ चढणे, ट्रकला मागे टाकताना समोरून येणाऱ्या वाहनाआधी आपल्या बाजूस परतणे. ही सोय खरीच आहे. मात्र वस्तीच्या वाटेसाठी तिची गरज नव्हती. हे आम्ही गुरुजींपुढे मांडले तेव्हा मुलगा किंचित हिरमुसला.

मग गुरुजींनी वही घेतली. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. त्या दाखल्याची आम्हांस आठवण झाली. अशी गाडी लिटरला सरासरी ९ किलोमीटर जाईल असे धरले, लहान नवी गाडी १८. पेट्रोल १०५ रुपये. याचा अर्थ दर हजार किलोमीटरमागे थोरल्या गाडीला सुमारे ५,८०० रुपये अधिक लागतील. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरल्यास हा फरक ७०,००० रुपये होतो. मुलीच्या शिक्षणावर सरळ घाला! येथेच पुष्कळ लोक वही मिटतात.

गुरुजींनी ती मिटली नाही. आपण खरोखर किती फिरणार, हा प्रश्न त्यांनी घातला. आठवड्यास एक जालना, काही फेऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयात, वर्षातून एकदोनदा पुणे. जेमतेम ५,००० किलोमीटर. मग फरक राहतो २९,००० रुपये. उलट दहा लाखांची नवी लहान गाडी घ्यावयाची तर चार लाखांचे कर्ज आले. नऊ टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याजच पस्तीस हजारांच्या घरात जाते. शिवाय नवी गाडी पहिल्या काही वर्षांतच आपली बरीचशी किंमत गमावते. जुनीची पडायची ती पडून गेलेली असते. अर्थात जुनीच्या दुरुस्तीचा खर्च नवीला नसतो, तोही धरावा लागतो. इतके सारे मांडल्यावर निष्कर्ष निघाला तो आम्हांस विचार करावयास लावणारा होता: अधिक पिणारी जुनी गाडी, जो कमी फिरतो त्याला परवडते, जो रोज फिरतो त्याला ती बुडवते. म्हणजे बलवान वाहन घेण्याचा अधिकार त्यालाच, जो त्या बळाचा वापर आवरू शकतो. आणि बळाचा स्वभाव तर असा, की ते हाती आले म्हणजे वापरावेसे वाटते!

मातोश्री उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. त्या मुलाला म्हणाल्या, "तुझा बाप बैल घ्यायला निघायचा ना, तवा बाजारात दात बघायचा, पर त्याच्या आधी घरची कडब्याची गंजी बघायचा." आमच्या साऱ्या विवेचनाचे सार त्या एका वाक्यात आले. बैल विकत घेणे एका दिवसाचे, त्याला पोसणे वर्षानुवर्षांचे. कडबा नसता बांधलेला बैल दावणीला उभा राहून खंगतो. देखभालीवाचूनची मोटारही तशीच.

गंजी आधी रचावी असे ठरले. सहापैकी साठ हजार रुपये वेगळ्या खात्यात देखभालीसाठी ठेवायचे आणि मुलीच्या शुल्काचे चाळीस हजार बाजूला काढायचे. उरलेल्या पाच लाखांत गाडी बसली तरच घ्यायची. सौदा मोडला तरी चालेल.

दात पाहण्याचे काम जालन्याच्या एका जाणत्या मिस्त्रीने केले. टायरांच्या खाचा उत्तम होत्या. परंतु टायरच्या कडेवर कोरलेले चार आकडे त्याने दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर जवळजवळ गाडीच्याच वयाचे निघाले. न झिजलेले रबरही काळाने कडक होते, आणि समृद्धी महामार्गासारख्या ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेल्या रस्त्यावर जुना टायर जिवावर बेततो. त्याने सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले, पायाखालचा गालिचा उचलला: पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा गाळ तेथे लपून राहतो. मुंबईचा २६ जुलै २००५ चा प्रलय किंवा २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, अशा आपत्तींनंतर बुडालेली वाहने पुसूनपासून दूरच्या बाजारात जातात, हे तो जाणून होता. किलोमीटरचा आकडा त्याने सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहिला. इंजिन थंड असतानाच सुरू करावयास लावले. कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते.

कागदांचे काम गुरुजींनी स्वतः केले. नोंदणीपुस्तकात बँकेच्या कर्जाची नोंद तशीच होती. कर्ज फिटले असले तरी नोंद उतरवलेली नव्हती. नमुना ३५ भरून ती काढली जाईपर्यंत त्यांनी पैसे दिले नाहीत. त्यानंतर नमुना २९ व ३० यांवर सह्या झाल्या. विमा आपल्या नावे करण्यासाठी कायद्याने चौदा दिवसांची मुदत दिली आहे, तीही पाळली. हा काटेकोरपणा विकणाऱ्याच्याही हिताचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक; अपघाताची भरपाई त्याच्याच माथी येते. गाडी विकून पैसे घेतले आणि नाव बदलण्याचे राहू दिले, अशा अवस्थेत किती कुटुंबे निर्धास्त झोपतात!

एक गोष्ट अगदी नव्या काळातील. २०२५ पासून आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. त्यापूर्वीच्या इंधनासाठी घडवलेल्या चारचाकीचे मायलेज अशा मिश्रणाने सहा ते सात टक्के घटू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते. जुन्या गाडीतील रबरी नळ्या व जोड तपासून घेणेही हितावह. गंमत अशी, की हे इथेनॉल आता उसाप्रमाणे मक्यापासूनही होते, आणि आमच्या भोकरदन भागात मका उदंड पिकतो. गुरुजींच्या शेतातही तो आहे. मक्याला भाव मिळावा म्हणून प्रार्थना करणारा शेतकरी आणि टाकीतील इंधन लवकर संपते म्हणून कुरकुरणारा मोटारमालक, हे दोघे एकाच अंगणात राहू लागले आहेत.

विकणाऱ्याने तीन आठवडे ताणून धरले आणि अखेरीस पाच लाखांस गाडी दिली. देखभालीच्या खात्यातून पहिला खर्च झाला तो चार नव्या टायरांचा. वर्ष उलटून गेले आहे. गुरुजी शाळेत अजून जुन्या मोटारसायकलवरच जातात. शेजाऱ्यांनी प्रारंभी चेष्टा केली, आता कुणी बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात मातोश्रींना पुन्हा एकदा रात्री न्यावे लागले. वस्तीची वाट गुरुजींनी उन्हाळ्यातच मुरूम टाकून घेतली होती. मोटारीइतकेच श्रेय त्या मुरमालाही दिले पाहिजे. गाडी सावकाश, न घसरता सडकेला लागली, आणि माउली वेळेत रुग्णालयात पोहोचली. मुलीचे शुल्कही भरले गेले.

गुरुजींचे उदाहरण पाहून प्रत्येकाने अशी गाडी घ्यावी, असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. ज्याला रोज पन्नास किलोमीटर जावे लागते, त्याने ती घेऊ नये. ज्याच्या घरी वीस-बावीस वर्षांचा मुलगा रिकाम्या सडकेवर वेग पाहण्यास उतावीळ आहे, त्याने तर दहादा विचार करावा. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे गणित कुणाच्याही बापाला चुकलेले नाही. पोरीचे शिक्षण किंवा घरातील औषधपाणी थांबवून दारी हत्ती झुलवण्यात तर काहीच पुरुषार्थ नाही.

तथापि बळ हे मुळात वाईट, असेही आम्ही म्हणणार नाही. वाचकहो, पावणेदोनशे घोडे दारात बांधून रोज दुचाकीवर जाणारा मनुष्य आम्ही पाहिला आहे, आणि त्याच्या घरी कर्जाची चिंता आम्हांस आढळली नाही. सामर्थ्य विकत मिळते, तेही कधी कधी चौथाईत. ते आवरून धरण्याची शिस्त मात्र घरातच पिकवावी लागते, कडब्यासारखी, हंगामाआधी.