औषधाचे माप

सीमेवरच्या माणसाला एक गोष्ट लहानपणीच कळते. एकाच वस्तूला दोन नावे असतात आणि व्यवहार दोन्ही नावांनी करावा लागतो. आमचे भीमपूर आदिलाबाद जिल्ह्यात; पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. २०१६च्या फेररचनेत भीमपूर मंडलाचे ठिकाण झाले. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात समोरच्याला येईल ती भाषा, असा आमचा रिवाज. कापसावर फवारायच्या विषाला मात्र दोन्ही भाषांनी सारखेच गोड नाव दिले आहे. तेलुगूत ते ‘मंदु’, मराठीत ‘औषध’.

माझा एक जुना विद्यार्थी खते, बियाणे आणि ही औषधे विकतो. दुकान लहान, नोकर एक, तोही हंगामापुरता. कंपन्यांची दरपत्रके इंग्रजीत, सरकारी सूचना तेलुगूत आणि गिऱ्हाईक बहुतेक मराठी नाहीतर गोंडी बोलणारे. पूर्वी असा प्रत्येक कागद घेऊन तो शाळा सुटल्यावर माझ्याकडे यायचा. अलीकडे त्याचे येणे कमी झाले आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले, त्याच वर्षी केंद्र सरकारने भारतीय भाषांसाठी ‘भाषिणी’ सुरू केली, आणि पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अशा साधनांची रांगच लागली. त्यांतले एक आता त्याच्या फोनमध्ये असते. बिलाचा फोटो दाखवला की ते मालाची यादी करून देते. गेल्या हंगामाचा खप सांगितला की या खेपेस काय किती मागवावे याचा अंदाज मांडते. तोंडाने सांगितलेल्या मजकुराचे तेलुगू पत्र करते. मला याचा आनंदच वाटतो. दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेण्यात माणसाचे अर्धे आयुष्य जाऊ नये.

उधारीच्या बाबतीत मात्र पहिली ठेच लागली. त्याने यंत्राकडून वसुलीची पत्रे लिहून घेतली. मराठी शुद्ध, अगदी कोर्टाच्या नोटिशीसारखी. ‘थकबाकीचा भरणा विनाविलंब करावा’ हे वाचून चुलत मामाच रुसून बसले. तो स्वतः सांगायला गेला असता तर म्हणाला असता, “मामा, कापूस निघाला का?” आणि मामांना सगळे समजले असते. ही साधने अफाट मजकुरावरून शिकलेली असतात. कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येणे संभवते, याचा हिशेब मांडून ती लिहितात. म्हणून भाषा घोटीव येते. पण मामा कोण आणि यंदा त्यांच्या वावरात पाणी किती दिवस साचले होते, हे त्या हिशेबात कुठून येणार?

रुसवा दिवाळीपर्यंत निवळतो. मापाची चूक निवळत नाही.

एका कीटकनाशकाच्या तेलुगू पत्रकावरून त्याने गिऱ्हाइकांसाठी मराठी चिठ्ठी करून घेतली. मजकूर नेटका होता. दहावीतली त्याची मुलगी दुकानात बसली होती. तिने सहज मूळ पत्रक शेजारी धरले आणि म्हणाली, “बाबा, इथे हेक्टर लिहिले आहे, तुमच्या चिठ्ठीत एकर आहे.” आकडा तोच होता, ५०० मिलिलिटर. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. तेव्हा एकराला २०० मिलिलिटरच हवे. साधे त्रैराशिक! चिठ्ठी तशीच वाटली गेली असती तर प्रत्येकाच्या पंपात अडीचपट विष गेले असते.

हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. २०१७च्या हंगामात नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. त्याची कारणे अनेक होती. उंच वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मिश्रणे, तोंडावर फडके नाही, हातात मोजे नाहीत. पण त्या साऱ्यांत एक धडा आपल्यासाठी आहे. बाटलीवर लिहिलेले वापरणाऱ्यापर्यंत नीट पोहोचले पाहिजे.

आता त्याच्या दुकानात एक शिस्त आहे. याद्या, हिशेब, मालाची मागणी यंत्राने करावी. औषधाचे माप मात्र मूळ पत्रकावरूनच घ्यायचे आणि दोघांनी वाचायचे. ज्याला वाचता येत नाही त्याला बाटलीवरच्या चौकटीतला खालचा त्रिकोण दाखवायचा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हेही तोंडाने सांगायचे.

आमच्याकडचे पालक हल्ली विचारतात, “सर, फोन सगळे भाषांतर करतो, मग पोराच्या डोक्यावर दोन-दोन भाषांचे ओझे कशाला?” त्यांना मी या मुलीची गोष्ट सांगतो. घरची मराठी आणि शाळेतली तेलुगू, यांतली एक जरी तिने सोडली असती, तरी तिच्यापुढे दोन कागद असते आणि वाचता एकच आला असता. भाषांतर यंत्र करील. ते बरोबर आहे की नाही हे पाहायला दोन्ही काठ ठाऊक असलेलाच माणूस लागतो. तो आपल्या जिल्ह्यांत घरोघर आहे. त्याला घरातच पुसून टाकू नका, एवढेच माझे सांगणे.