अण्णा देवळापाशीच का थांबायचे?

आजचा धडा पायांचा आहे.

आमचे अण्णा रोज संध्याकाळी बाजारात चालत जायचे. मारुतीच्या देवळापाशी आले की पाराला टेकून दोन मिनिटं उभे राहायचे, मग पुढे. आम्हाला वाटायचं, भक्ती वाढली! काही महिन्यांनी हा थांबा अलीकडे सरकत किराणा दुकानापाशी आला. पोटरीत गोळा येतो म्हणायचे. आई म्हणायची, वय झालं. मी तेल चोळायचो, रात्री गरम पाण्याची पिशवी द्यायचो. माझी चूक इथेच झाली.

ठरावीक अंतर चाललं की पोटरी किंवा मांडी दुखते आणि नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत दुखणं थांबतं, तेव्हा पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी. चालताना स्नायूंना जास्त रक्त लागतं आणि तेवढं पोचत नाही. मणक्यात नस दबली तरी चालताना पाय दुखतात, पण तेव्हा बहुधा बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. आणि आपण मास्तर मंडळी दिवसभर फळ्यापुढे उभे, म्हणून पायावर निळ्या शिरा फुगतात, ते दुखणं वेगळं. त्यात पाय उशीवर ठेवला की बरं वाटतं. रोहिणीचा आजार वाढला की उलटं होतं, रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडला की बरं वाटतं. अण्णा तसेच झोपायला लागले होते, आणि आम्ही हसत होतो.

त्यांनी तीस वर्षं बिडी ओढली, सोडून दहा वर्षं झाली. शिवाय साखर. या आजारामागे तंबाखू आणि मधुमेह ही सगळ्यांत मोठी दोन कारणं. मग बीपी, कोलेस्टेरॉल, वय, किडनीचा आजार. पण बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रोहिण्या तिशी-चाळिशीतही बंद पडू शकतात (बर्गरचा आजार म्हणतात त्याला), तेव्हा तरुण पालकांनीही हे वाचावं.

मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे कधी दुखतच नाही, एकदम जखमच दिसते. अण्णांच्या अंगठ्याला नवी चप्पल चावली आणि तीन आठवडे जखम भरेना, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पावलावर आणि घोट्यामागे बोटं ठेवून नाडी पाहिली. ती लागली नाही. मग दंडाचं आणि घोट्याचं बीपी मोजलं. घोट्याचा आकडा दंडाच्या 0.9 पटीपेक्षा कमी आला तर आजार समजतात. अण्णांचा 0.6 होता. गरम पिशवीचं ऐकून डॉक्टर माझ्यावर चांगलेच चिडले. बधिर पाऊल भाजलं तरी कळत नाही आणि रक्त कमी असल्याने ते भरतही नाही.

एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पाय अचानक गार, पांढराफटक पडला, खूप दुखू लागला किंवा हलेना, तर सकाळची वाट पाहू नका. पाय वाचायला काही तासच असतात.

अण्णांची अँजिओप्लास्टी झाली, जखम भरायला चार महिने लागले. आता डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. रोज रात्री मी त्यांचे तळवे बॅटरी लावून बघतो. ते पाय मागे घेतात, म्हणतात, "पोराने पायाशी बसायचं म्हणजे काय परीक्षा आहे का?"