सब्र आणि अश्रू

संकटात रडणे म्हणजे ईमान कमी पडले, असा आपल्याकडे समज आहे. कुरआनमधील १२वी सूरह, सूरह यूसुफ, वेगळे सांगते. मुलाच्या विरहात हजरत याकूब (अलैहिस्सलाम) यांचे डोळे पांढरे पडले. तरी गाऱ्हाणे त्यांनी अल्लाहपुढेच मांडले आणि त्याच्या रहमतीची आशा सोडू नका, असे मुलांनाही बजावले. हाच सब्र.

याकूब (अलैहिस्सलाम) यांना यूसुफ परत भेटले. माझा धाकटा भाऊ मात्र या दुनियेत परत भेटणार नाही. अम्मी तहज्जुदला उठते, सजद्यात मनसोक्त रडते. मी शेजारच्या खोलीतून ऐकतो, पण तिला गप्प करायला जात नाही. तिथे ती एकटी नसते.

म्हणून मयतीच्या घरी गेलात तर 'रडू नका' म्हणू नका. जवळ बसा, दुआ करा.