संमतीची सही आणि ब्राउझरमधली चिठ्ठी

कागदावर सही असली म्हणजे संमती असतेच असे नाही, हे प्रशासनात लवकर कळते. मजकूर वाचून दाखवला होता का, तोही समजेल अशा भाषेत, हे मी अंगठा उठवणाऱ्यांना नेहमी विचारत आलो. कोणतेही संकेतस्थळ उघडताच कुकीजना 'मान्यता' मागणारी पट्टी झळकते, तेव्हा हाच प्रश्न माझ्या मनात येतो.

कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ही युक्ती योजली. सर्व्हरला मागच्या भेटीचे स्मरण नसते. चिठ्ठी पाहून तो आपल्याला ओळखतो. रेल्वेचे आरक्षण करताना दर पानावर पुन्हा परवलीचा शब्द द्यावा लागत नाही, तो यामुळेच. अर्जदाराला मिळणाऱ्या आवक क्रमांकासारखीच ही सोय आहे.

खरी चिंता त्रयस्थाच्या चिठ्ठीची. पानावर जाहिरात लावणारी कंपनीही आपली चिठ्ठी ठेवते, आणि तीच कंपनी असंख्य संकेतस्थळांवर हजर असते. रुग्णालय, बँक, ग्रंथालय, प्रत्येकाच्या दाराशी एकच परका मनुष्य वही घेऊन बसला आहे अशी कल्पना करा. एकेक नोंद क्षुल्लक असते. सर्व नोंदी जुळवल्या की आपले आजार, कर्जे आणि आवडीनिवडी उघड होतात.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 'कुकी' हा शब्द नाही. परंतु व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती कोणत्याही मार्गाने गोळा केली, तरी तो लागू होतो. त्यानुसार संमती मुक्त व माहितीपूर्ण हवी, आणि ती देण्याइतकेच मागे घेणेही सोपे हवे. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही द्यावा लागतो. म्हणजे चेन्नईत वा गुवाहाटीत राहणाऱ्या मराठी माणसाला ती मराठीत मागता येईल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या तरतुदींसाठी त्यात अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे.

कायद्याने आपले काम करावे. दाराची कडी मात्र आपणच लावायची असते.

१. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्रयस्थ कुकीज बंद करा. सफारी २०२० पासून त्या आपणहून अडवतो. क्रोममधून त्या हटवण्याचा बेत गूगलने २०२४ मध्ये सोडला, म्हणून तेथे स्वतः लक्ष घालावे.

२. पट्टीवर 'केवळ आवश्यक' असा पर्याय असल्यास तोच निवडा.

३. साठलेल्या कुकीज अधूनमधून पुसा. त्यानंतर सर्वत्र पुन्हा लॉगिन करावे लागते, तेव्हा परवलीचे शब्द हाताशी ठेवा.

४. सामायिक संगणकावर खासगी खिडकी वापरा आणि काम झाल्यावर ती बंद करा. मात्र कार्यालयाच्या नेटवर्कपासून ती काहीही लपवत नाही.

एवढ्याला दहा मिनिटे पुरतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवरही हे करून द्यावे. न वाचता 'मान्य' दाबण्याची सवय तेथेच अधिक आढळते.