इम्प्लांटचा 'टॉर्क' म्हणजे काय, आणि दातांचे डॉक्टर थांबायला का सांगतात?

दाताचं इम्प्लांट बसवणं हे माझं काम नाही, मी फिजिशियन. पण इम्प्लांटच्या आधी 'फिटनेस' लिहून घ्यायला आणि नंतर दातांच्या डॉक्टरांची तक्रार घेऊन पेशंट माझ्याकडेच येतात. म्हणून हा लेख.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रू. तो दाताच्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात बसवतात आणि त्यावर कॅप लावतात. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवतं, हे स्वीडनच्या पर-इंगवार ब्रॉनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासताना लक्षात आलं. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काही केल्या निघेना! १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले.

आता हाडाकडे येऊ. जबड्याचं हाड सगळीकडे सारखं नसतं. खालच्या जबड्याचा पुढचा भाग बहुधा सर्वांत टणक, वरच्या जबड्याचा मागचा भाग सर्वांत पोकळ. सुताराला विचारा. सागाच्या फळीत स्क्रू पिळताना हाताला जोर लागतो, थर्माकोलमध्ये तो बोटाने फिरतो. दंतवैद्यकात हाडाचे चार प्रकार मानतात आणि ते शिकवताना खरोखरच लाकडाची व थर्माकोलची उपमा देतात.

हाताला लागणारा हा जोर मोजला की तो झाला टॉर्क. तो न्यूटन-सेंटिमीटरमध्ये मोजतात. ३५ हा आकडा तुमच्या कानावर येईल. एक सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण साडेतीन किलो वजन टांगलं तर जेवढा पीळ बसेल, तेवढा हा जोर. इम्प्लांट बसवण्याच्या मशीनवर किंवा खास पान्यावर तो दिसतो. ३५ च्या आसपास किंवा वर गेला, तर बरेच डॉक्टर त्याच वेळी तात्पुरता दात लावायचा विचार करतात. कमी आला तर थांबतात.

मग जास्तीत जास्त पिळावं का? नाही. हाड जिवंत आहे. फार दाबलं तर त्यातला रक्तपुरवठा तुटतो आणि स्क्रूभोवतीचं हाड मरतं. ड्रिलच्या उष्णतेचंही तेच. म्हणून तर सतत सलाईनचं पाणी सोडतात.

सीटी स्कॅनवर घनता आधी कळत नाही का, असं सुशिक्षित पेशंट हमखास विचारतात. अंदाज येतो. पण दातांसाठी जो सीबीसीटी काढतात, त्यातले आकडे मोठ्या सीटीच्या हाऊन्सफिल्ड आकड्यांइतके भरवशाचे नसतात. खरी परीक्षा स्क्रू फिरवतानाच होते.

मागे एक साठीच्या निवृत्त शिक्षिका तणतणत आल्या. "डॉक्टर, माझ्या शेजारणीला त्याच दिवशी दात लावला, मला चार महिने थांबा म्हणतात. मुलाचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. त्यांच्या हातून काहीतरी बिघडलंय, तुम्ही फोन करा."

कार्ड पाहिलं. वरची उपदाढ, टॉर्क १५. शेजारणीचा खालचा पुढचा दात. म्हणजे दोघींची तुलनाच होत नव्हती. मी म्हटलं, "बाई, ज्या डॉक्टरने १५ हा आकडा लिहून ठेवला आणि त्यावर दात लावायला नकार दिला, त्याला सोडू नका."

सुरुवातीची पकड ही नुसती स्क्रूची असते. पुढच्या काही आठवड्यांत जुनं हाड थोडं विरघळतं आणि नवं तयार होऊ लागतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड उलट सैलावते. मुळातच कमी पकड असलेल्या स्क्रूवर त्या काळात चावण्याचा भार पडला, तो हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात आणि इम्प्लांट निघून येतो. लग्नाच्या फोटोंसाठी काढता-घालता येणारा तात्पुरता दात होताच की!

मग मी विचारलं, "हाडांसाठी वर्षातून एकदा इंजेक्शन घेता, ते त्यांना सांगितलंत?"

"ते तर कमरेसाठी आहे!"

माझ्या दृष्टीने टॉर्कपेक्षा हे गंभीर होतं. झोलेड्रॉनिक ॲसिड, ॲलेंड्रोनेट, डेनोसुमॅब ही औषधं सगळ्याच हाडांवर काम करतात, जबडा त्यातलाच. ती घेणाऱ्या थोड्या लोकांत दात काढल्यावर किंवा इम्प्लांटनंतर जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडतं. कॅन्सरसाठी मोठे डोस घेणाऱ्यांना हा धोका बराच जास्त, ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला कमी. पण दातांच्या डॉक्टरांना ते आधी माहीत हवं. मी फोन केला तो यासाठी.

ऑस्टिओपोरोसिस आहे म्हणून इम्प्लांट होतच नाही, असं मात्र नाही. डेक्सा तपासणी कंबर आणि खुब्याचं हाड मोजते, जबड्याचं नव्हे. साखरेचं म्हणाल, तर एचबीएवनसी ताब्यात नसेल तर मी फिटनेस लिहीत नाही. जखम भरायला वेळ लागतो, पू होण्याची भीती असते.

तेव्हा इम्प्लांटला जाताना सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या, वर्षा-सहा महिन्यांनी घेतलेल्या इंजेक्शनच्या तारखाही. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डेनोसुमॅबचा डोसही चुकवू नका, तो लांबला तर मणक्याची हाडं मोडू शकतात. आणि काम झाल्यावर टॉर्कचा आकडा कार्डावर लिहून मागा.