भागाकारातले हरवलेले शून्य

चिखली तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला गणित शिकवणाऱ्या ताईंस,



भागाकार येत नाही असा शिक्का ज्या मुलावर बसतो, त्याला वाटणी बहुधा चांगली येत असते. सोयाबीनची रास खळ्यावर पडली की बुलढाणा जिल्ह्यातले शेतकऱ्याचे पोर कट्टे मोजायला उभे असतेच, पण वर्गात ‘भाग जात नाही, वरचा अंक खाली घ्या’ या सूचनेपाशी तेच पोर अडते, कारण खाली आलेला अंक दशकाचा की एककाचा हे त्याच्यापुढे स्पष्ट झालेले नसते.

समजा, 5,885 किलो सोयाबीन प्रत्येकी 55 किलोच्या कट्ट्यांत भरायचे आहे. येथे 5,885 हा भाज्य, म्हणजे जिचे भाग करायचे ती संख्या, आणि 55 हा भाजक, म्हणजे जिने भागायचे ती संख्या. रूढ मांडणीत 58 मध्ये 55 एकदा जातो, 3 उरतात, 8 खाली येतो आणि 38 मध्ये भाग जात नाही. तेथे शून्य लिहायचे राहिले की उत्तर 107 ऐवजी 17 येते, आणि एवढ्या मोठ्या राशीचे सतराच कट्टे कसे, हा प्रश्न मुलाला पडतच नाही, ही खरी काळजीची गोष्ट आहे.

आंशिक भागाकाराच्या पद्धतीत, म्हणजे उत्तर एकदम न काढता तुकड्यातुकड्याने काढून शेवटी त्या तुकड्यांची बेरीज करण्याच्या रीतीत, 55 चा पाढा येण्याची गरज नसते, कारण 55 ची शंभरपट 5,500 हे मूल सहज सांगते. 100 कट्टे भरले की 385 किलो उरतात; पाच कट्ट्यांचे 275 गेले की 110 राहतात, आणि आणखी दोन कट्ट्यांत रास संपते. उजवीकडे एकाखाली एक लिहिलेल्या 100, 5 आणि 2 यांची बेरीज 107 होते. शून्य विसरायला येथे जागाच नाही. कुणी दहा-दहा कट्टे काढले तरी उत्तर तेच येते, फक्त पाटी लांबते.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये रचलेल्या ‘लीलावती’तील भागहाराची, म्हणजे भागाकाराची, रीतही भाजकाची योग्य पट काढून ती भाज्यातून वजा करण्यावरच उभी आहे.

वजाबाकी कच्ची असलेल्या मुलाला मात्र ही लांब पाटी जड जाते, कारण प्रत्येक तुकड्यागणिक चुकण्याची एक संधी वाढते. त्यामुळे वजाबाकी पक्की करून घेणे आणि हळूहळू मोठ्या पटीकडे वळवणे शिक्षकालाच करावे लागते. रूढ मांडणी त्यानंतर जरूर शिकवावी. तरीही एखाद्या मुलाने 17 लिहिले, तर ताईंनी फुली मारण्याआधी त्याला 17 कट्ट्यांचे वजन काढायला सांगावे. ते 935 किलो भरते.