पांढऱ्याचा सराव

वर्धा जिल्ह्यात राहून फोनवर फोटो काढायला शिकायचं असेल तर पांढऱ्यापासून सुरुवात करावी, असं मी नव्या माणसाला सांगते. इथे पांढरं चहूकडे आहे. दिवाळीच्या आगेमागे फुटलेली पऱ्हाटी, हिंगणघाटच्या बाजार समितीत ओतलेले कापसाचे ढीग, सेवाग्रामला येणाऱ्यांच्या अंगावरची खादी, वर्ध्यातला विश्वशांती स्तूप. आणि फोनला नेमकं पांढरंच नीट जमत नाही.

कारण समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं असणार असं धरून चालतो. हल्लीचे फोन हुशार झालेत, समोर चेहरा आहे की जेवणाचं ताट हे ओळखतात. पण चौकट कापसानं भरून टाकली की त्यांचाही अंदाज चुकतो. उजेड फार झाला असं समजून फोन फोटो अंधारा करतो आणि कापूस राखेत लोळवल्यासारखा येतो. पोळ्याला काळा बैल जवळून घ्या, उलट घडेल. फोन उजेड वाढवेल, बैलाची तुकतुकीत पाठ धुरकट होईल आणि झुलीवरची जर नुसती भगभगेल. म्हणून पांढऱ्याला उजेड वाढवायचा आणि काळ्याला कमी करायचा. स्क्रीनवर कापसाच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही तिथे अडकून राहतात, शेजारी सूर्याची छोटी खूण येते. ती वर सरकवायची. बोंडातले तंतू वेगळे दिसायचे थांबतील, त्याच्या जरा अलीकडे हात थांबवायचा. सावलीत दडलेलं नंतर थोडंफार वर काढता येतं, पण जळून सपाट झालेलं पांढरं काही केल्या परत येत नाही.

मला या वाटेला ज्यांनी लावलं ते फोटोग्राफर नव्हते, कापसाचे ग्रेडर होते. हिंगणघाटच्या कापसाचा लौकिक जुना आहे. एकोणिसाव्या शतकात या गावाच्या नावानं इथला कापूस विलायतेच्या बाजारात ओळखला जाई. आजही हंगामात यार्डात ट्रॅक्टर आणि बंड्यांची रांग लागते. हर्रास सुरू असताना ग्रेडर ढिगात कोपरापर्यंत हात घालतात, आतली मूठ बाहेर काढतात, दोन्ही अंगठ्यांमध्ये पुंजका धरून हळू ओढतात आणि धाग्याची लांबी बघतात. मी त्या हातांचे फोटो घेत होते. काम आटोपल्यावर त्यांनी माझ्या फोनमध्ये पाहिलं. हातांबद्दल ते काहीच बोलले नाहीत. "ताई, हा माल तर कवडी दिसून राहिला. याच्या मालकानं पाहिलं तर तो भांडनच." कवडी म्हणजे हलका, डागाळलेला माल. मग मला हाताला धरल्यासारखं टिनाच्या शेडखाली नेलं. पहिल्या वेच्याचा कापूस आणि शेवटचा फरदडीचा, दोन पुंजके शेजारी शेजारी धरले. उन्हात मला दोन्ही सारखे वाटले असते. सावलीत एक दुधाळ होता, दुसऱ्यावर पिवळी झाक होती. "उन्ह चढलं का मालाचा रंग समजत नाही. आम्हीबी सावलीत नेऊनच पाहतो."

त्या दिवसापासून मी फोटो दाखवायला माणूस निवडताना आधी एक पाहते, की समोरची वस्तू या माणसाला कळते का? फोटो कळणारा सांगतो की क्षितिज वाकडं झालंय, कोपऱ्यात कुणाची तरी चप्पल आली आहे, चौकट फार गच्च आहे. ते सगळं उपयोगाचं असतं. पण वस्तू कळणारा सांगतो की हे खरं दिसतंय की नाही. चौकटीचे नियम कुठूनही शिकता येतात, कवडी आणि पहिला वेचा यांतला फरक मात्र यार्डातच शिकायला मिळतो.

वेचणीतल्या एका बाईनं मला आणखी मोठी गोष्ट दिली. सेलूकडच्या एका शेतात बाया पात धरून वेचत होत्या, प्रत्येकीच्या कमरेला फडक्याची झोळी, दोन्ही हातांनी वेचणं चाललेलं. मी एकीचा फोटो पोर्ट्रेट मोडवर घेतला. या मोडमध्ये फोन मागचं सगळं अंदाजानं धूसर करतो. मोठ्या भिंगातून जे आपोआप घडतं त्याची ही गणितानं केलेली नक्कल. चेहऱ्याभोवती ती बरी जमते, पण कापसाच्या तंतूंशी आणि मोकळ्या सुटलेल्या केसांशी तिचं गणित कोलमडतं. अर्धं बोंड धूसर होतं, अर्धं कातरल्यासारखं राहतं. मी त्या कडाच न्याहाळत होते. बाईंनी फोन हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मी एकटीच दिसून राहिली न ताई. बाकीच्या बाया कुठी गेल्या?"

बाकीच्या तिच्या मागेच होत्या, धुक्यात विरघळवलेल्या. वेचणी ही एकटीनं करायची गोष्ट नाही. बोलणं, गाणं, पातीत मागे पडलेलीला हात देणं, हे सगळं मिळून ती वेचणी असते. ज्याला आपण सुंदर पार्श्वभूमी म्हणतो तो त्या बाईचा दिवस होता. मी त्याच जागेवरून साध्या मोडवर पुन्हा फोटो घेतला, जरा बाजूला सरकून, म्हणजे बायांची तिरपी ओळ चौकटीत मागपर्यंत जाईल. फोनचं भिंग रुंद असतं, कॅमेऱ्याच्या जुन्या मापात सांगायचं तर २४ ते २८ मिलिमीटरच्या आसपास. माणसाच्या तोंडाशी नेलं की ते नाक मोठं आणि कान लहान करतं, म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. पण माणूस आणि त्याचा परिसर एकत्र दाखवायला त्याच्यासारखं भिंग नाही. फोनची खरी ताकद मला तिथे दिसते.

आमचा एक लहानसा गट आहे. त्यात एसटीतले एक कंडक्टर आहेत, एक नर्स, कृषी सेवा केंद्र चालवणारा एक तरुण आणि निवृत्त ड्रॉइंग मास्तर. महिन्यातून एकदा मास्तरांच्या ओसरीवर बसतो. येताना प्रत्येकानं फोटो छापून आणायचा, साधा चार बाय सहाचा. फोनच्या स्क्रीनवर प्रत्येक फोटो उजळ आणि भरजरी दिसतो, आणि दोन फोनांवर एकच फोटो दोन रंगांचा दिसतो. शिवाय व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, बारकावे जातात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. कागदावर मात्र सगळ्यांसमोर एकच वस्तू असते.

छापील फोटो सतरंजीवर मांडतो. ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं. बाकीच्यांनी आधी फक्त काय दिसतं ते सांगायचं, आवडलं की नाही ते नंतर. "छान" हा शब्द ओसरीवर चालत नाही. त्या शब्दात प्रेम असतं, ते मी नाकारत नाही, पण त्यातून पुढचा फोटो कसा घ्यावा हे कळत नाही. "माझी नजर आधी मागच्या लाल बादलीवर गेली," या वाक्यातून कळतं. गप्प बसणाऱ्याला फार जड जातं. आपण काय दाखवायला गेलो होतो ते सांगायला जीभ शिवशिवते. पण ते सांगितलं की ऐकणारे तेच शोधू लागतात आणि फोटो स्वतः काय सांगतो ते कधीच कळत नाही.

सेवाग्रामला फोटोच्या कलेचा सगळ्यात मोठा शिक्षक होऊन गेला, तोही हौशी. कनू गांधी, जन्म १९१७ चा, नात्यानं गांधीजींचा चुलतनातू. आश्रमात हिशेब आणि पत्रव्यवहार ही त्याची कामं. फोटोचा नाद लागला तेव्हा गांधीजींनी कॅमेऱ्याला आश्रमातून पैसे द्यायला नकार दिला. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यानं रोलायफ्लेक्स घेतला. गांधीजींच्या अटी तीन होत्या. फ्लॅश वापरायचा नाही, मला कधी पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रम या कामाला पैसे देणार नाही. १९३८ पासून पुढची दहा वर्षं त्यानं याच अटींवर काम केलं.

या तीन अटी मला फोटोच्या शाळेचा पूर्ण अभ्यासक्रम वाटतात. सेवाग्रामची गांधीजींची बापू कुटी आतून पाहिलेल्याला ठाऊक आहे की मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू आणि उजेड जेमतेम दारा-खिडकीतून येईल तेवढाच. फ्लॅश नाही म्हणजे तो उजेड कुठून येतो, किती वाजता कुठे पडतो, हे पाठ झालं पाहिजे. पोझ नाही म्हणजे थांबायला शिकलं पाहिजे. आणि पैसे नाहीत म्हणजे प्रत्येक चौकट जपून. रोलायफ्लेक्सच्या एका रोलवर बाराच फोटो निघत. त्या काळच्या फिल्मही मंद होत्या, अंधुक उजेडात जरा हाललं की आकृती पुसट व्हायची. त्याच्या काही फोटोंत ती पुसटपणाची झाक आहे आणि मला ती प्रिय आहे. कुष्ठरोगानं आजारी असलेल्या परचुरे शास्त्रींची सेवा करताना गांधीजी, हा फोटो पाहताना कॅमेरा तिथे आहे हे आपण विसरतो. तिथे असलेले दोघेही तो विसरले असावेत.

रोलायफ्लेक्समध्ये पोटाशी धरून वरून काचेत पाहावं लागतं. म्हणजे भिंग आपोआप खाली जातं, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या जवळ. आपण फोन डोळ्यांशी धरतो आणि बसलेल्या माणसाला वरून टिपतो. ओसरीवर कंडक्टरभाऊंनी एकदा सगळ्यांचे फोटो असे लावले की एका बाजूला उभ्यानं काढलेले आणि दुसऱ्या बाजूला बसून काढलेले. कोणाला काही बोलावं लागलं नाही. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्याला पोरं सजवलेले लाकडी नंदी घेऊन निघतात, तिथे तर गुडघे टेकल्याशिवाय पोर आणि नंदी एकमेकांच्या मापात दिसतच नाहीत. उभ्यानं काढलं तर नुसत्या टोप्या आणि शिंगं.

१९४६ मध्ये पुण्यात अमेरिकन फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा फोटो घ्यायला आली तेव्हा तिला आधी चरखा शिकावा लागला. चरख्यामागे बसलेल्या गांधीजींचा तो फोटो जगभर गेला. वस्तू कळल्याशिवाय फोटो नाही, ही ग्रेडरांचीच अट, दुसऱ्या शब्दांत.

आणि काही वेळा अभिप्राय म्हणजे नुसतं 'नको'. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या, तेव्हा गांधीजींनी कनूला फोटो काढू दिले नाहीत. १९४४ चा फेब्रुवारी. इतिहासाचं नुकसान झालं असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. आमच्या गटातल्या नर्सताई वॉर्डात फोन खिशाबाहेर काढत नाहीत, बाळंतिणीनं स्वतः मागितलं तरच काढतात, आणि तो फोटो तिला देऊन आपल्या फोनमधून काढून टाकतात. त्यांचे सगळ्यात चांगले फोटो आम्ही कधीच पाहिलेले नाहीत. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

सध्या ओसरीवर एक वाद पेटलाय. पवनारला धाम नदीच्या पात्रात छत्री आहे, तिचा मास्तरांनी सकाळचा सुरेख फोटो काढला. काठाशी निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पन्न्या अडकल्या होत्या. फोनमधल्या नव्या खोडरबरानं त्यांनी त्या पुसल्या. बोट फिरवलं की फोन तिथे पाणी रंगवून देतो, शिवण दिसतसुद्धा नाही. मास्तरांचं म्हणणं, चित्रकार नको ते सोडून देतोच की, आयुष्यभर मी मुलांना तेच शिकवलं. कंडक्टरभाऊंचं म्हणणं, सोडायचं तर जागा बदलून सोडा, असलेलं पुसू नका. मी भाऊंच्या बाजूची आहे. कापसावरचा उजेड वाढवणं म्हणजे डोळ्याला दिसलेलं परत आणणं. पन्न्या पुसणं म्हणजे न दिसलेलं पाणी तिथे ठेवणं. मास्तर म्हणतात, ही रेघ तू सोयीनं ओढतेस, पोर्ट्रेट मोडच्या धुक्यालाही मग तोच न्याय लाव. लावते. तेही मी आता वापरत नाही.

मास्तर मागे हटलेले नाहीत. दोन्ही फोटो छापून झालेत. पुढच्या खेपेला ओसरीवर न बसता पवनारलाच जायचं ठरलंय. नदीवर धुणं घेऊन येणाऱ्या बायांपुढे दोन्ही ठेवायचे आणि त्या काय म्हणतात ते ऐकायचं.